अर्ध्या गोलाचं टोक

राजमाने शेठच्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि प्रत्येकावर एकच मोर नाचत होता. लहान मोर, मोठा मोर, त्याहून मोठा मोर. सगळ्यांनी एकदमच पिसारा फुलवला, एकदमच मिटला. लिगाडे सर हात मागे बांधून सगळ्यात मोठ्या मोरासमोर उभे होते. स्थळ बघायला जावं आणि चहा यायच्या आतच पसंत पडावं, तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“हाच घ्यायचा, बाई,” ते मला म्हणाले. “चाळीस इंची आहे आणि आपल्या पैशात बसतोय. आणखी काय पाहिजे?”

शेठनं रिमोट उचलला. “आवाज तर ऐका, सर. थेटर आहे थेटर.” आणि मोराच्या ओरडण्यानं दुकान दणाणून गेलं.

“शेठ,” सर म्हणाले, “आवाजाचे पैसे कापून घेता का? आमच्या पोरांना त्याचा काय उपयोग?”

शेठनं जीभ चावली आणि आवाज बंद केला. आमची शाळा कोणती ते सांगोल्यात सगळ्यांना माहीत होतं. गावाबाहेर, मिरज रस्त्याला, कर्णबधिर मुलांची निवासी शाळा. लिगाडे सर तिथले मुख्याध्यापक आणि मी शिक्षिका. आमच्याबरोबर तबस्सुम होती, शाळेतली सगळ्यात मोठी मुलगी. टीव्ही मुलांचा, मग मुलांतलं कुणीतरी बघायला पाहिजे, असा मुलांनीच आग्रह धरला होता. सरांनी तो हसून मान्य केला. पोरगी येईल, मोर बघेल, खूश होईल, एवढीच त्यांची अपेक्षा.

तबस्सुमनं मोराकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, “याला बोलता येतं का?”

आमचं बोलणं खुणांनी चाले. इथं मी ते शब्दांत लिहिते आहे, एवढंच.

“मोराला?”

“टीव्हीवर कुणीतरी बोलणारं लावायला सांगा. बातम्या.”

मी शेठना सांगितलं. त्यांना पटेना. “बातम्यांत काय क्वालिटी दिसणार, बाई? धबधबा लावतो. फळं लावतो. किवी कापलेलं दाखवतात, आतल्या बिया मोजून घ्या.”

“बियांना ओठ नसतात, शेठ,” मी म्हणाले.

याचं कारण सांगायला हवं. आमच्या मुलांना कार्टून आवडत नसे. पाहुणे आले की मोठ्या प्रेमानं कार्टून लावून देत आणि मुलं कंटाळून एकमेकांशी बोलत बसत. कार्टूनमधली तोंडं नुसती उघडतात आणि मिटतात, त्यातून शब्द वाचता येत नाही. जाहिरातीत माणूस दुसरीकडेच बघतो आणि बोलतो तिसराच. बातम्या सांगणारा माणूस मात्र थेट तुमच्याकडे बघून, तोंड न लपवता, सावकाश बोलतो. त्यामुळे संध्याकाळच्या बातम्या म्हणजे आमच्या मुलांचा सिनेमा. सगळं कळायचं असं नाही. पण “पाऊस” कळला, “कांदा” कळला, “सांगली” कळलं की हात हवेत उडायचे. बातम्या देणाऱ्यांना मुलांनी नावंही दिली होती. टक्कलवाला होता, लांब कानातलीवाली होती, आणि एक पापण्या मिटमिटवणारा होता.

नाव देणं ही आमच्या मुलांतली मोठी गोष्ट. नवीन मूल आलं की त्याचं हजेरीतलं नाव शिक्षकांपुरतं राहतं. मुलं चार दिवस त्याच्याकडे बघतात आणि त्याला एक खूण देतात. मी म्हणजे गळ्यात अडकवलेला चष्मा. लिगाडे सर म्हणजे पोटावरून फिरवलेला हात, आणि सरांना ते पचनाशी संबंधित काहीतरी असावं असं वाटे. तबस्सुम म्हणजे गालावर टेकवलेलं बोट, कारण हसली की तिथं खळी पडे.

शेठनं बातम्या लावल्या. पडद्यावरचा माणूस गडद पिवळा दिसत होता.

तबस्सुम म्हणाली, “याला हळद लागलीय.”

मी ते सांगताच शेठ स्वतःच हसले. “दुकानात रंग वाढवून ठेवावा लागतो, बाई. नाहीतर गिऱ्हाईक थांबत नाही.” त्यांनी रिमोटवर काहीबाही दाबलं आणि तो माणूस माणसाच्या रंगाचा झाला. तबस्सुम त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं सांगितलं, “दसऱ्याला झेंडू महाग होणार.”

सरांनी टाळी वाजवली. “झालं. पास झाला टीव्ही. शेठ, बिल करा.”

तबस्सुम मात्र तिथून हलली होती. सरांच्या पाठीमागून चालत ती दुकानाच्या पार कडेला गेली, जिथं कपडे धुण्याची मशिनं ओळीनं मांडली होती. त्यातल्या शेवटच्या मशिनाला पाठ लावून ती फरशीवर बसली आणि तिथून टीव्हीकडे बघू लागली. थोड्या वेळानं तिनं मान हलवली. नाही.

“आता काय?” सर म्हणाले. “वॉशिंग मशीन पाहिजे म्हणते का?”

मला हसू आलं, पण माझं निम्मं लक्ष दुसरीकडेच होतं. मी बाणाईचा विचार करत होते.

आमचा जुना टीव्ही श्रावणात गेला. पेटीसारखा मोठा, मागं कुबड असलेला तो डबा विजेच्या एका झटक्यात बंद पडला. शाळेतून शिकून गेलेल्या मुलांना हे कळलं. कुणी शिवणकाम करत होतं, कुणी छापखान्यात होतं. त्यांनी आपसांत पैसे जमवून पाठवले. ते येईपर्यंत दसरा तोंडावर आला. एरवी दोन महिने टीव्ही नसला तर काही बिघडत नाही. त्या वर्षी बिघडत होतं.

बाणाई जूनमध्ये आली होती. धनगराची मुलगी, सहा-सात वर्षांची. कपाळावर हिरवं गोंदण होतं, म्हणून मुलांनी लगेच तिला नाव दिलं, कपाळावर टेकवलेलं बोट. तिनं मात्र कुणालाच काही दिलं नाही. एक खूणही केली नाही. घरी तिचं काम तीन-चार इशाऱ्यांवर भागत असे. भाकरी, पाणी, चल, मेंढरू. दिवसभर ती फाटकाचे गज धरून उभी राही, बाप येईल म्हणून. माणसांत ती यायची ती फक्त एकदाच, संध्याकाळी, बातम्यांच्या वेळी. मुलं बसली की ती हळूच आत येऊन दाराजवळच्या टोकाला बसे. तिथून टीव्हीही दिसे आणि फाटकही. टीव्ही बंद पडला आणि तिचं ते येणंही बंद झालं.

तिचा बाप, सिदू हाके, रविवारच्या बाजाराला आला की शाळेत डोकवायचा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. माणूस चांगला होता. त्या आधीच्या रविवारी तो व्हरांड्यात बसून माझ्याशी बोलला होता.

“बाई, पोरगी सुकली बगा.”

“रुळेल हो. वेळ लागतो.”

“आमच्याकडं येळ कुटं हाय? दसऱ्याचं सोनं लुटलं की मेंढरं कोकणच्या वाटंला लागत्यात. तवर रमली तर ठिवतो. न्हाय रमली तर संगं न्हेतो. तितं आई हाय, मेंढरं हायत. हितं तिला कोन हाय?”

भाषा शिकण्याचं एक वय असतं. ते मेंढरांमागं चालण्यात निघून गेलं, तर ती मुलगी जन्मभर त्या तीन-चार इशाऱ्यांतच राहणार, हे मला दिसत होतं. पण सुकलेली पोर बापालाही दिसत होतीच की. मी म्हणाले, “दसऱ्यानंतरच्या बाजारी या. तेव्हा ठरवू.”

“ठरलं,” तो म्हणाला आणि उठला. फाटकापाशी बाणाईनं त्याच्या घोंगड्याचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ते सोडवून घेताना तो माणूस आमच्याकडे बघत नव्हता.

म्हणून मला टीव्ही लवकर हवा होता. कोणताही चालला असता. सरांनी तो चाळीस इंची घेतला असता तरी मी काही बोलले नसते.

“बाई, तिला उठवा तिथून,” सर म्हणाले. “लोक बघतायत.”

मी तबस्सुमकडे गेले. ती म्हणाली, “बसा.”

“कुठं?”

“इथं. खाली.”

माझे गुडघे तेव्हाही कुरकुरतच होते. तरी मी पदर सावरला, मशिनाला धरलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. वर पाहिलं. मघाचा तो माणूस तिथं होता, पण त्याचा चेहरा राख फासल्यासारखा झाला होता. डोळ्यांच्या जागी पांढुरके डाग. ओठ कुठं संपतात आणि हनुवटी कुठं सुरू होते, काही कळत नव्हतं. मी डोकं उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं. चेहरा तसाच.

तबस्सुमनं कपाळावर बोट टेकवलं. “ती इथं बसते.”

मी तिच्याकडे पाहतच राहिले.

आमच्या शाळेत मुलं ओळींत बसत नाहीत. कानांनी ऐकणारं मूल पुढच्याच्या पाठीकडे बघत बसलं तरी त्याला ऐकू येतं. आमच्या मुलांना पाठ काही सांगत नाही. त्यांना एकमेकांचे हात दिसले पाहिजेत, ओठ दिसले पाहिजेत. म्हणून वर्गात, जेवायला, खेळ बघायला, कुठंही बसली तरी मुलं अर्ध्या गोलातच बसतात. ते कुणी शिकवावं लागत नाही. मधल्या जागा मोठ्यांच्या असतात आणि नवीन मूल टोकाला असतं. जुन्या डब्यात एक गुण होता, तो आम्हाला कधी कळलाच नव्हता. त्याच्याकडे खोलीतून कुठूनही बघा, चित्र तेच दिसायचं. नवे टीव्ही पातळ झाले, हलके झाले, पण त्यातले काही फक्त समोरच्याचेच असतात, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दुकानात सगळे समोर उभे होतो. दुकानात सगळेच समोर उभे राहतात.

तबस्सुमची शाळेतली जागा बरोबर मध्ये होती. तो चाळीस इंची टीव्ही तिला सगळ्यात छान दिसला असता.

सर जवळ आले. “काय चाललंय दोघींचं?”

“सर, बसा,” मी म्हणाले.

“मी?”

“खाली.”

शेठनं लगबगीनं प्लास्टिकची खुर्ची आणली. तबस्सुमनं ती बाजूला सारली आणि सरांना फरशी दाखवली. सरांनी दुकानाच्या दाराकडे एकदा बघून घेतलं, पँट गुडघ्याशी वर ओढली आणि पोट सांभाळत बसले. बघत राहिले.

“हा तर भूत झाला की,” शेवटी ते म्हणाले.

“बाणाईची जागा,” मी म्हणाले.

सरांनी मान डोलावली. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आमच्या सरांचं मला हेच आवडायचं. मोठेपणा मिरवायला त्यांना आवडे, पण चूक कळली की ते तिथल्या तिथं वळत. बसल्या जागेवरूनच त्यांनी आवाज दिला. “शेठ, एक काम करा. तुमच्या सगळ्या टीव्हींवर हाच माणूस लावा. आता आम्ही इथून बघणार.”

“सर, गिऱ्हाईक वरनं बघतं हो,” शेठ म्हणाले.

“आमचं खालनं बघतं.”

शेठ एक-एक टीव्ही लावत गेले आणि तबस्सुम एक-एक बाद करत गेली. तिची पद्धत ठरली होती. आधी मशिनाजवळ बसायचं, मग उठून अर्धा गोल चालत दुसऱ्या भिंतीला जायचं, तिथं बसायचं, परत यायचं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघू लागली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरगी प्रदक्षिणा का घालतीया?” सर म्हणाले, “देव पसंत करतीय, आजोबा. मग पूजा.”

एक टीव्ही मात्र कोपऱ्यात खाली होता. बत्तीस इंची. त्यावरचा मोर मघाशी कुणाच्या नजरेतही भरला नव्हता, इतके त्याचे रंग साधे. तबस्सुम बसली आणि या वेळी मान हलली नाही. ती दुसऱ्या भिंतीला गेली. तिथूनही तिनं सांगितलं, “मंत्री आजारी आहे.” पुन्हा इकडे येऊन फरशीला गाल लागेल इतकी वाकली आणि म्हणाली, “कोणता मंत्री ते कळलं नाही. पण चूक सांगणाऱ्याची आहे, तो ओठ मिटून बोलतो.”

“बारका आहे,” सर हळूच मला म्हणाले. “देणाऱ्या पोरांनी फोटो मागितला तर?”

तबस्सुमनं त्यांचे ओठ वाचले. तिनं हवेत अर्धा गोल काढला, मग दोन्ही हात जवळ आणले. अर्ध्या गोलात सगळेच जवळ असतात. मागं कुणीच लांब बसत नाही, मग मोठा कशाला? शेवटी तिनं पोटावरून हात फिरवला आणि काहीतरी जोडलं.

“माझ्याबद्दल काय म्हणाली?” सरांनी विचारलं.

“म्हणाली, फोटोत सर उभे राहिले की टीव्ही मोठाच दिसेल.”

सर इतके हसले की त्यांना उठवायला शेठना यावं लागलं. तो टीव्ही आम्ही घेतला. उरलेल्या पैशांत विजेच्या झटक्यापासून वाचवणारा स्टॅबिलायझरही बसला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सरांनी त्याची पूजा केली आणि झेंडूचा हार असा घातला की पडद्याचा वरचा भाग झाकला गेला. मुलांनी तो उतरवायला लावला. मोठ्या मुली मध्ये बसल्या, दोन्ही बाजूंनी बाकीचे. अर्धा गोल झाला. बाणाई आली नव्हती. ती फाटकाशी होती. बातम्या सुरू झाल्या तशी खिडकीतून उजेडाची हालचाल बाहेर पडली असावी, कारण मी बघितलं तेव्हा ती दारात होती. मग दाराजवळच्या टोकाला, नेहमीच्या जागी.

तबस्सुमनं तिकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

त्या दिवशी बातम्या द्यायला एक नवीन बाई होती. मुलं तिच्या ओठांत गुंतली होती. अर्धी हातवारे करून भांडत होती, ती “पीठ” म्हणाली की “मीठ” यावरून. आणि टोकाला बाणाईनं हात वर केला. एक बोट हनुवटीच्या डाव्या बाजूला टेकवलं, हळूच, दाण्यावर ठेवावं तसं. टीव्हीकडे बघितलं. पुन्हा टेकवलं. शेजारच्या मुलाच्या बाहीला ओढून त्याला दाखवलं. त्याला काही कळेना. तो पडद्याजवळ गेला आणि वळला तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले होते.

नव्या बाईच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ होता. तिळाएवढाच तीळ. मधल्या जागेवरून तो कुणीच पाहिला नव्हता.

शेजारच्या मुलानं हनुवटीला बोट लावून पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते नाव हातोहात गेलं. सरांनीही हनुवटीला बोट लावलं. बातम्या सांगणाऱ्या त्या बाईंना कधीच कळणार नाही, पण आमच्या शाळेत पुढची कित्येक वर्षं त्या याच नावानं ओळखल्या जात होत्या. बाणाई सगळ्यांकडे बघत होती. एकेक बोट हनुवटीला लागत होतं आणि तिचे ओठ फाकत होते.

तेव्हा तबस्सुमनं तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या गालावर बोट टेकवलं. मी. बाणाईनं लगेच तसंच केलं. तू.

रविवारी सिदू हाके आला. फाटकाशी बाणाई नव्हती. तो घाबरला आणि तरातरा व्हरांड्यात आला. “पोरगी कुटं हाय?”

मी आत बोट दाखवलं. ती मुलांत बसली होती. बापाला बघून धावत आली, पण घोंगडं धरलं नाही. त्याच्यासमोर उभी राहिली, उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला आणि पाठीमागे झटकला, घोंगडं टाकतात तसा. मग मुलांकडे वळून पुन्हा तेच केलं आणि बापाकडे बोट दाखवलं.

“काय म्हंती ही?”

“तुमचं नाव सांगतेय,” मी म्हणाले. “तिनं ठेवलंय. आता सगळे तुम्हाला असंच ओळखतील.”

त्याला समजायला वेळ लागला. त्यानं काठी भिंतीला लावली आणि रिकाम्या हातानं, चुकत-माकत, तेच करून पाहिलं. बाणाईनं त्याचा हात धरून नीट केला. खांदा, मग मागं.

“असं व्हय,” तो म्हणाला. हात पुन्हा एकदा खांद्यावरून झटकून पाहिला. मग म्हणाला, “मेंढरं उद्या निघत्यात, बाई. जेठात परत येतो. हिच्या आईलाबी एक नाव लागंल.”

फाटकापर्यंत बाणाई गेली नाही. ती व्हरांड्यातच उभी राहिली, तबस्सुमच्या शेजारी. रस्ता तिथं चढाचा आहे. वरपर्यंत जाऊन तो वळला. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्यानं काठी बगलेत धरली, हात खांद्यावर नेला आणि मागं झटकला.